तेरा फर्मे आणि एक ड्रॅगन

आमच्या राइट टाउनातल्या घरात एक लोखंडी कपाट आहे आणि त्या कपाटात आतून, मधोमध, खडूची एक रेघ आहे. रेघेच्या डावीकडे माझ्या थोरल्या पुतणीचे कपडे, उजवीकडे धाकटीचे. मागे एकदा धाकटीची ओढणी रेघ ओलांडून चार बोटं पलीकडे गेली, तर ते प्रकरण माझ्यापर्यंत अपिलात आलं होतं. (जबलपुरात हायकोर्ट आहे. त्यामुळे इथली घरगुती भांडणं खालच्या कोर्टात फार वेळ काढत नाहीत.) अशा या दोघींनी एका रात्री जेवताना सांगितलं, "आम्ही दोघी मिळून एक कादंबरी लिहून राहिलोय." दादाचा घास हातातच राहिला. वहिनी म्हणाली, "आधी ते कपाट आवरा."

'लिहून राहिलोय' वाचून पुण्याच्या वाचकांनी लाल पेन्सिल उचलू नये. आम्ही जबलपूरचे मराठी. आमच्याकडे माणूस येत नाही, येऊन राहतो. चहा उकळत नाही, उकळून राहतो. आमचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांबरोबर घोड्यावरून इकडे आले असं प्रत्येक घरात सांगतात. मला विचाराल तर बहुतेकांचे आगगाडीने आले. मुंबईची लाइन आणि कलकत्त्याची लाइन 1870 मध्ये जबलपुरात एकमेकींना भेटल्या आणि रेल्वेला हिशेब लिहिणारी माणसं लागली. मीही रेल्वेच्या हिशेब खात्यातूनच निवृत्त झालो. आमच्या घराण्यात घोडा कोणी पाहिलेला नाही.

तर कादंबरी. ती 'यंग अडल्ट फँटसी' आहे असं मला सांगण्यात आलं. फँटसी कळलं, यंग अडल्ट म्हणजे काय? थोरलीने वयोगट वगैरे सांगितला, पण धाकटीची व्याख्या मला जास्त पटली. ज्यांना पाहुण्यांसमोर "तू लहान आहेस, गप्प बस" म्हणतात आणि पाहुणे गेल्यावर "आता मोठी झालीस, कपबशा विसळ" म्हणतात, ते यंग अडल्ट.

या कादंबरीचा उगम चोरीत आहे. धाकटी बारावीला. अभ्यासाच्या नावाखाली ती एका वहीत काहीबाही लिहायची आणि ती वही आपल्या अर्ध्या कपाटात, लोकरीच्या कपड्यांखाली ठेवायची. थोरलीने एका दुपारी रेघ ओलांडून ती वही काढली. आता महायुद्ध होणार म्हणून वहिनीने खिडक्यासुद्धा लावून घेतल्या. पण थोरलीने बोंब मारली नाही. तिने तिसऱ्या पानावरची एक चूक लाल शाईने दुरुस्त केली, समासात 'ही राणी इतकी मूर्ख का?' असं लिहिलं आणि वही होती तिथे ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी खाली निळ्या शाईत उत्तर आलं, 'कारण ती मोठी बहीण आहे.' पंधरा दिवस दोघी एकमेकींशी तोंडाने एक अक्षर बोलल्या नाहीत आणि वहीत चाळीस पानं भरली.

या चोरीला आमच्या गावात मोठी परंपरा आहे, निदान मी तसं धरतो. अलाहाबादच्या क्रॉस्थवेट शाळेत महादेवी वर्मा नावाची मुलगी कविता लिहून लपवून ठेवायची. तिच्याहून वरच्या वर्गातल्या सुभद्राकुमारीला संशय आला, तिने झडती घेतली, कागद बाहेर काढले आणि साऱ्या वसतिगृहात डांगोरा पिटला. मग दोघी जोडीने झाडाच्या फांदीवर बसून कविता करू लागल्या. त्या सुभद्राकुमारी चौहान पुढे लग्न होऊन याच जबलपूरच्या झाल्या. तेव्हा हुडकणाऱ्या मुलींची पैदास इथे जुनी आहे. आता आमच्या आवारात फांदीवर बसण्यासारखं एकच झाड आहे, पेरूचं. त्यावर शेजारच्यांची मालकी असल्यामुळे आमच्या मुली गच्चीत पाण्याच्या टाकीवर बसतात.

घरात या सगळ्याला पहिला पाठिंबा मिळाला तो आजीचा, म्हणजे माझ्या आईचा. ती लग्न होऊन अमरावतीहून इकडे आली तेव्हा तिला हिंदीचा गंध नव्हता. माझ्या वडिलांनी तिच्या हाती देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' दिली. 1888 सालची ती अद्भुतरम्य कादंबरी वाचायला म्हणून अनेकांनी हिंदी शिकून घेतली असं सांगतात. आमच्या आईने सगळी हिंदी त्या एकाच पुस्तकातून घेतली. परिणामी पहिली दोन वर्षं ती गोल बाजारातल्या भाजीवाल्याशी त्यातल्या ऐयारांच्या, म्हणजे वेषधारी हेरांच्या, भाषेत बोलायची. तो दोडक्याचा भाव सांगायचा आणि ही त्याला कपटी म्हणायची. भाव उतरायचा, हे विशेष. "आपल्यातही होतं हो असलं," असं ती मुलींना सांगते आणि ते खरं आहे. मराठी कादंबरी जन्मली न जन्मली तोच, 1861 मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळब्यांनी 'मुक्तामाला' लिहून तिला अद्भुताचं बाळसं चढवलं होतं. वास्तव वगैरे आमच्यात नंतर रुळलं.

दोघींची लिहिण्याची पद्धत मी जवळून पाहिली, कारण माझी खोली त्यांच्या खोलीला लागून आहे आणि मधली भिंत एकाच विटेची आहे. थोरली नकाशे काढते. नद्या कुठून कुठे जातात, किल्ल्यावर किती धान्य, राणीच्या आजोबांचा मृत्यू कशाने, हे सारं तिच्याकडे तक्त्यांत असतं. धाकटी नुसती लिहीत सुटते. पाचव्या प्रकरणात जी नदी पूर्वेला वाहते ती नवव्यात पश्चिमेला. थोरलीने हरकत घेतली, तेव्हा धाकटी म्हणाली, "नर्मदा नाही का उलटी वाहत?" राइट टाउनातल्या माणसाला यावर उत्तर नाही. थोरलीने सबंध नकाशा उलटा करून पुन्हा काढला.

रात्री दहानंतर संवाद पुढीलप्रमाणे भिंतीतून येत. "मी याला मारणार आहे." "तू नाही मारू शकत, मागच्या आठवड्यात तूच याला वाचवलंस." "मग तुझा तो सेनापती मारते." "हात लावून बघ!" वहिनी पहिल्यांदा हे ऐकून दार ठोठावायला धावली होती. पुढे तिला सवय झाली. एकदा तर तिने बाहेरूनच विचारलं, "कोणाला मारायचं ते मारा, पण दिवा कधी घालवताय?"

मला यावरून त्या ब्राँटे बहिणींची आठवण होते. इंग्लंडात एका खेडेगावातल्या पाद्रीबुवांनी 1826 मध्ये मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. मुलाच्या खेळण्यावर बहिणींनी झडप घातली. शिपायांना नावं मिळाली, नावांना राज्यं मिळाली आणि काड्यापेटीएवढ्या वह्यांमध्ये मुंगीच्या अक्षरात त्या राज्यांचे इतिहास लिहिले गेले. पण कौतुक करणारे पुढचं सांगत नाहीत. पुढे तिथे वाटण्या झाल्या. शार्लट आणि तिचा भाऊ अँग्रिया नावाचं राज्य घेऊन बसले. एमिली आणि अ‍ॅन यांनी आपलं गोंडल वेगळं काढलं. म्हणजे खडूची रेघ तिथेही होती. मोठेपणी मात्र तिघी बहिणी रात्री जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारत एकमेकींना लिहिलेलं वाचून दाखवत. आमच्याकडे जेवणाच्या टेबलाभोवती फेरी मारता येत नाही, एका बाजूला फ्रिज आहे.

खरा पेच ड्रॅगनवरून पडला. धाकटीचा ड्रॅगन स्कॉटलंडच्या कुठल्याशा डोंगरातून आलेला होता. बर्फात राहायचा, आग ओकायचा आणि उच्चभ्रू इंग्रजी बोलायचा. थोरली कॉलेजात भूशास्त्र शिकते. ती खवळली. तिचं म्हणणं, ज्या गावाच्या नावाने डायनोसॉर आहे त्या गावच्या मुलींनी ड्रॅगन बाहेरून का मागवावा? मला वाटलं ती चेष्टा करते आहे. पण नाही. ठगांचा बंदोबस्त करणारा जो स्लीमन, त्याला 1828 मध्ये इथल्याच बडा सिमला टेकडीवर काही हाडं मिळाली. भारतात सापडलेली डायनोसॉरची ती पहिली हाडं. 1877 मध्ये लिडेकर नावाच्या साहेबाने त्या प्राण्याचं बारसं केलं, टायटॅनोसॉरस इंडिकस. नर्मदेवरच्या आपल्या लम्हेटा घाटाच्या नावाचा लॅमेटासॉरस आहे. आणि खुद्द गावाच्या नावाचा, जब्बलपुरिया! साठ वर्षं मी या गावात राहिलो, बडा सिमल्याच्या बाजूला शंभरदा गेलो असेन, आणि मला हे एका कादंबरीच्या भांडणातून कळावं!

धाकटीने विचारलं, "तो टायटॅनोसॉरस आग ओकायचा का?" थोरली म्हणाली, "तो पाला खायचा." एवढ्यावर थांबली असती तर बरं. पण चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे या जातीच्या प्राण्यांच्या विष्ठेचे दगड झालेले सापडतात. त्यांत गवताचे अंश मिळाले आणि डायनोसॉरांच्या काळात गवत होतं हे 2005 मध्ये जगाला कळलं, अशी सविस्तर माहिती तिने आमटीवर लिंबू पिळता पिळता दिली. वहिनी उठून गेली. आजीने मात्र नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे शाकाहारी आहे. मग राहू दे घरात." तेव्हापासून कादंबरीतला ड्रॅगन बडा सिमल्याच्या एका गुहेत राहतो, गवत खातो आणि रागावला की फक्त ढेकर देतो. तो ढेकर धुआँधारच्या धबधब्यापर्यंत ऐकू जातो. माझ्या मते पुस्तकातलं हे सर्वांत चांगलं प्रकरण आहे.

एकदा बांध फुटल्यावर सगळं गाव आत आलं. मदन महालच्या टेकडीवर एका खडकावर दुसरा खडक नुसता टेकून उभा आहे. 22 मे 1997 च्या पहाटे भूकंपाने आमच्या घराच्या भिंती उभ्या चिरल्या, पण तो खडक ढळला नाही. कादंबरीत त्या खडकाखाली राणीचा शब्द पुरलेला आहे. भेडाघाटच्या चौसष्ट योगिनीही आल्या. मी तिथे अधिकारवाणीने सांगायला गेलो की त्या देवळात खरं म्हणजे 81 योगिनींची सोय आहे. हिशेब खात्यातल्या माणसाला हा सतरांचा फरक लहानपणापासून सलतो. धाकटीने लगेच वहीत टिपून घेतलं. आता तिच्या कथेत सतरा योगिनी वेषांतर करून जबलपुरात राहतात आणि त्यांतली एक आमच्या वहिनीसारखी बोलते.

भाषेचं तर विचारूच नका. आमच्या घरात मराठी स्वयंपाकघराची, हिंदी रस्त्याची आणि इंग्रजी शाळेची. कादंबरी इंग्रजीत आहे. मी दबकत विचारलं, मराठीत का नाही? थोरली म्हणाली, "काका, मराठीत लिहिलं तर आई वाचेल." मुद्दा बिनतोड होता. पण मंत्र कोणत्या भाषेत घ्यायचे? लॅटिन मंत्र त्या हॅरी पॉटरने वापरून संपवले. तेव्हा धाकटीला मराठी आठवली. मराठी ही जबलपुरात आमची गुप्त भाषाच आहे. दुकानात साडी बघताना "महाग सांगतोय, निघू या" हे आम्ही दुकानदाराच्या तोंडावर मराठीत बोलत आलो. (त्याला मराठी येतं, हे आम्हाला वीस वर्षांनी कळलं.) म्हणून कादंबरीतली जादू मराठीत चालते. दार उघडायचा मंत्र 'कडी काढा'. काळ थांबवायचा मंत्र 'आलेच हं पाच मिनिटांत'. शत्रूचा नि:पात करणारा महामंत्र, जो सबंध पुस्तकात एकदाच उच्चारला जातो आणि ज्याने सात बुरुजांचा किल्ला कोसळतो, तो आहे 'येऊ दे तुझ्या बाबांना घरी'. हे सगळं रोमन लिपीत छापलेलं. थोरलीच्या बंगळुरूच्या मैत्रिणीने फोनवर विचारलं, ही प्राचीन भाषा कोणती? धाकटी गंभीरपणे म्हणाली, "लुप्त होत चाललेली." मी फोनच्या जवळच होतो. मला जरा लागलं.

पुस्तकावर नाव कोणाचं आधी, यावर तीन आठवडे गेले. वयाने थोरली आधी, वर्णानुक्रमे धाकटी. मी टोपणनाव सुचवलं. ब्राँटे बहिणी करर, एलिस आणि अ‍ॅक्टन बेल या नावांआड लपल्या होत्या. आपल्याकडे 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा विभावरी शिरूरकर या नावामागे कोण दडलंय म्हणून महाराष्ट्र पेटून उठला होता आणि त्या नावामागच्या बाळूताई खरे शांतपणे आपलं काम करत होत्या. "पण काका," धाकटी म्हणाली, "आमच्यामागे कोण दडलंय हे शोधायला कोणी तर आलं पाहिजे ना!" शेवटी मुखपृष्ठावर थोरलीचं नाव वर आणि पाठीवरच्या कण्यावर धाकटीचं नाव वर, असा तह झाला.

प्रकाशकांना पत्रं गेली. उत्तरं आली नाहीत. मग आजीने आपली मुदत ठेव मोडली आणि ती प्रकाशक झाली. आयएसबीएन नावाचा तेरा आकडी नंबर दिल्लीची राजा राममोहन राय एजन्सी फुकट देते. हे कळल्यावर, आयुष्यात सरकारकडून विनामूल्य मिळालेली ही पहिलीच गोष्ट म्हणून आजीने त्या नंबराला हळदकुंकू वाहिलं. प्रूफं तपासायचं काम माझ्याकडे आलं आणि तिथे मी मला भेटलो.

कादंबरीत एक वृद्ध राजग्रंथपाल आहे. तो सतत खोकतो, भिंतीला कान लावतो आणि विचारलं नसताना प्रत्येक गोष्टीचं साल सांगतो. (या लेखात आतापर्यंत किती सालं आली ते कृपया मोजू नका.) मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर सुखावलो होतो. शेवटच्या प्रकरणात हा ग्रंथपाल राणीला भल्या पहाटे उपदेश करतो, चांगला तीन पानं. राज्य कसं चालवावं, जमाखर्च कसा ठेवावा. धाकटीने ते फार मन लावून लिहिलं होतं आणि थोरलीने एकही लाल खूण केली नव्हती.

मग छापखान्यातला माणूस आला. पुस्तक 211 पानांचं भरलं होतं. तो म्हणाला, "भाईसाब, फर्मा सोलह पेज का होता है." तेरा फर्मे म्हणजे 208, चौदा म्हणजे 224. एक तर तीन पानं काढा, नाहीतर शेवटी तेरा पानं कोरी जातील आणि पैसे मात्र चौदा फर्म्यांचे पडतील. आजीने, प्रकाशक या नात्याने, तेरा सांगितलं.

त्या रात्री मी भिंतीला कान लावून बसलो. नकाशा काढू या का? थोरली नाही म्हणाली. अर्पणपत्रिका? धाकटी नाही म्हणाली. ड्रॅगनच्या ढेकराला हात लावायची कोणाची छाती नव्हती. मग बराच वेळ शांतता. आणि मग दोन्ही आवाज एकदम आले, "ग्रंथपाल!"

दोन वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. सकाळी थोरलीने चहाबरोबर प्रूफं माझ्यासमोर ठेवली. तीन पानं खोडायची होती आणि त्यांच्या जागी एक वाक्य घालायचं होतं. ग्रंथपाल रात्री झोपला तो उठला नाही. मी विचारलं, "आजारी होता का?" धाकटी म्हणाली, "काका, आजारपणाला जागा कुठे आहे?" प्रूफात मजकूर काढून टाकायची ती शेपटीवाली खूण मी स्वतःच्या हाताने तीन पानांवर केली. हिशेब बरोबर जुळला. 208.

तीनशे प्रती छापल्या. नातेवाइकांनी तोंडभरून कौतुक केलं आणि प्रत फुकट मागितली, वर सही मागितली. हिंदीतले व्यंगकार परसाईजी आमच्या शेजारच्या नेपियर टाउनात राहायचे. ते आज असते तर या फुकट्यांवर त्यांनी काय लिहिलं असतं, या विचाराने मी कोणालाच काही बोललो नाही. विक्रीने थोरली खचली होती, तिला मी धीर दिला. ब्राँटे बहिणींनी 1846 मध्ये पदरमोड करून कवितांचं पुस्तक काढलं, त्याच्या पहिल्या वर्षात दोन प्रती खपल्या. आपल्याकडे 1954 चा कायदाच आहे, प्रकाशकाने कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रती पाठवल्याच पाहिजेत. म्हणजे पहिल्याच महिन्यात तुम्ही त्यांच्या दुप्पट. थोरली हसली नाही. "काका, साल सांगितल्याशिवाय तुम्हाला धीर देता येत नाही का?" असं मात्र म्हणाली.

दुसरा भाग लिहून राहिल्या आहेत. वही या वेळी थोरलीच्या अर्ध्या कपाटात आहे, धाकटी ती रोज दुपारी चोरते. ग्रंथपालाचं भूत आणायचा विचार चालू आहे असं भिंतीतून कळलं. पण ते पानांवर अवलंबून आहे. पहिल्या भागाच्या 112 प्रती माझ्या पलंगाखाली आहेत. राइट टाउनात कधी आलात तर जरूर या. चहा आणि खोव्याची जिलेबी आमच्याकडून, पुस्तक मात्र विकत घ्यावं लागेल. प्रकाशक पंच्याऐंशी वर्षांची आहे आणि पैसे मोजून घेते.